थर्मल शॉक चेंबरचा प्रोग्राम असा का असतो

वस्तूला आलटून-पालटून कडक उष्णता आणि थंडी देऊन ती टिकते का हे तपासणाऱ्या थर्मल शॉक चेंबरच्या कंट्रोलरवर नवा प्रोग्राम भरायला घेतला की ठरलेले रकाने समोर येतात: गरम बाजूचं तापमान, थंड बाजूचं तापमान, दोन्हीकडे थांबायचा वेळ, सायकलींची संख्या आणि डिफ्रॉस्ट. आज नमुन्यांची बास्केट आपोआप वर-खाली जाते किंवा डॅम्पर (हवेची झडप) उघडून हवेचा झोत बदलतो. पण या रकान्यांमागची कृती त्याहून जुनी आहे: एक भट्टी, एक शीतपेटी आणि हातमोजे घालून ट्रे इकडून तिकडे नेणारा माणूस.

ही कृती अमेरिकी लष्करी मानकांनी कागदावर बांधली. मिल-एसटीडी-८१० हे १९६२ चं, तर सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक भागांसाठीचं मिल-एसटीडी-८८३ हे १९६८ चं. ८८३ मधल्या पद्धत १०१० मध्ये भाग हवेतून हवेत जातो. तिची एक प्रचलित पातळी −६५ ते +१५० अंशांची आहे. एका बाजूकडून दुसरीकडे जायला एक मिनिटापेक्षा जास्त वेळ लागता कामा नये आणि दोन्ही टोकांना किमान दहा मिनिटं थांबायचं. पद्धत १०११ मध्ये भाग थेट द्रवात बुडवतात आणि स्थलांतराला फक्त दहा सेकंद मिळतात. तिची सर्वांत सौम्य पातळी ० आणि १०० अंशांची, म्हणजे चक्क बर्फाचं पाणी आणि उकळतं पाणी!

एकाच झटक्यावर न थांबता शेकडो सायकली का चालवायच्या, याचं उत्तर १९५० च्या दशकात मिळालं. जनरल इलेक्ट्रिकमधल्या कॉफिन यांनी आणि नाका या अमेरिकी विमानसंशोधन संस्थेतल्या मॅन्सन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, धातूची दर सायकलीतली प्लास्टिक (म्हणजे कायमची राहणारी) विकृती आणि तो किती सायकली टिकेल यांचा संबंध मांडला. चिपमधलं सिलिकॉन एका अंशाला दहा लाखांत सुमारे तीन भाग प्रसरण पावतं, सर्किट बोर्ड त्याच्या जवळपास पाचपट. मधल्या मध्ये भरडलं जातं ते दोघांना जोडणारं सोल्डर, म्हणजे डाग देण्याचा धातू. १९६९ मध्ये आयबीएमच्या नॉरिस आणि लँड्झबर्ग यांनी या सूत्रात सायकलींची वारंवारता आणि कमाल तापमानही आणलं. टोकाला थांबलेलं असतानाही सोल्डर हळूहळू सरकत असतं. त्यामुळे वेळ वाचवण्यासाठी सोक (टोकाला थांबायचा वेळ) कापणं म्हणजे दुसरीच चाचणी घेणं, हे माझं स्पष्ट मत.

कंट्रोलरची गोष्ट त्यामानाने साधी. आधी तापमानाच्या आलेखाच्या आकाराची चकती कापून ती कॅम म्हणून फिरवत. चेंबर तापमानाला पोचलेलं असो वा नसो, चकती आपल्या गतीनेच पुढे सरके. मायक्रोप्रोसेसर आल्यावर तापमान गाठेपर्यंत घड्याळ थांबवून ठेवायची सोय झाली. मात्र कोणत्या सेन्सरचं तापमान, हा प्रश्न उरलाच. हवा पाच मिनिटांत पोचते, जाड ॲल्युमिनियमचं हाउसिंग तेव्हा अर्ध्या वाटेवरही नसतं. म्हणून थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) नमुन्यावरच लावून, त्याच्यावरून सोक ठरवायचा. डिफ्रॉस्टचा रकाना आला तो थंड कॉइलवर साचणाऱ्या बर्फामुळे. तो साफ केला नाही, तर थंड बाजू प्रत्येक सायकलीला थोडी उशिरा पोचू लागते.

सध्याचा पेच द्रव पद्धतीचा आहे. तिच्या टाक्यांमध्ये परफ्लुओरोकार्बन द्रव भरतात. त्यांची एक मोठी उत्पादक असलेल्या थ्रीएम कंपनीने २०२५ अखेर पीएफएएस, म्हणजे हे द्रव ज्यात मोडतात त्या फ्लोरिनयुक्त रसायनांचं उत्पादन थांबवण्याची घोषणा डिसेंबर २०२२ मध्ये केली. त्यामुळे जुने द्रव-प्रोग्राम हवेवर आणायचा विचार पुढे येतो, पण त्यातले आकडे तसेच उतरवून चालत नाही. हवेतून उष्णता फार सावकाश जाते, त्यामुळे सोक वाढवावा लागतो आणि झटक्याची तीव्रता तरीही कमीच राहते.