शेतसंरक्षण बंदूक परवाना (विदर्भ)

पिकांचे व गुरांचे रानटी जनावरांपासून रक्षण करण्यासाठी शेतकऱ्याला दिला जाणारा शस्त्रपरवाना. तो जिल्हादंडाधिकारी देतात. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 13 नुसार पीकरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूक, म्हणजे भरमार, मिळते. तिने भागणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच गुळगुळीत (आतून आटे नसलेल्या) नळीची दुसऱ्या प्रकारची बंदूक.

शस्त्र बाळगणे हा भारतात मूलभूत हक्क नाही. काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावात तो हक्क होता. संविधान सभेत डिसेंबर 1948 मध्ये ह. वि. कामत यांनी तो घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली; डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि ती फेटाळली गेली. कामत मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून गेले होते, ही गोष्ट या भागात फारशी कोणाच्या लक्षात नाही.

बंदुकीवरचा वाद शहरात गुन्हेगारी आणि देशी कट्ट्यांभोवती फिरतो, खेड्यात तो रोही (नीलगाय) आणि रानडुकरांवर येऊन थांबतो. खरी अडचण दोन कायद्यांच्या मधे आहे. शस्त्र अधिनियम बंदूक हाती देतो, पण जनावर मारण्याची मुभा देत नाही. ती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 11 खाली वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते. उभ्या पिकाचे नुकसान हे त्या कलमात कारण म्हणून मान्य आहे. तरी परवाना खिशात आणि बंदूक खांद्यावर असूनही, वेगळी परवानगी नसेल तर धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, शेतकऱ्याने हवेत बार काढून कळप हाकलायचा, एवढेच उरते. डुक्कर पडले, तर पिकाचा मालकच आरोपी. ज्याच्याकडे बंदूक नाही तो मचाणावर जागलीला बसतो, फटाके फोडतो, सौर झटका मशीन (कुंपणाच्या तारेला सौम्य झटका देणारे यंत्र) लावतो. आणि काही जण कुंपणात थेट वीज सोडतात. हे शेवटचे बेकायदा तर आहेच, शिवाय त्यात वाघ मरतात, माणसेही मरतात. बंदुकीच्या परवान्यावर जेवढी चर्चा होते तेवढी या तारेवर होत नाही, हे उलटेच म्हणायचे.

राज्य शासनाने 2015 मध्ये पिकांची नासाडी करणाऱ्या रोही व रानडुकरांना मारण्याच्या परवानगीची कार्यपद्धती ठरवली. जून 2016 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील रानडुकरांची शिकार आणि बिहारमधील रोहींची शिकार यांवरून केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी पर्यावरण मंत्रालयावर उघड टीका केली. राज्यांनी मागितल्यावरच परवानगी दिली जाते, असे तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांचे उत्तर होते.

पुढचा मोठा वाद यवतमाळ जिल्ह्यात झाला. पांढरकवडा-राळेगाव भागात 13 माणसांच्या मृत्यूंशी जोडली गेलेली टी-1 वाघीण (अवनी) 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीजवळ खासगी नेमबाजाच्या गोळीने मेली. आधी बेशुद्ध करण्याचा पुरेसा प्रयत्न झाला का, आणि सरकारी मोहिमेत खासगी माणसाच्या हाती बंदूक का, असे दोन प्रश्न प्राणिप्रेमींनी विचारले. दुसरा जास्त टोकदार होता. गावांत मात्र फटाके वाजले.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवेल त्या परवानाधारकांना शस्त्रे पोलिसांकडे जमा करावी लागतात. लोकसभेचे मतदान एप्रिलमध्ये, तेव्हा कोरडवाहू वावर बहुधा रिकामेच असते. विधानसभेचे मतदान 2019 मध्ये ऑक्टोबरला व 2024 मध्ये नोव्हेंबरला झाले. तेव्हा कापूस वेचणीला, तूर उभी आणि हरभऱ्याची पेरणी सुरू, म्हणजे बंदुकीची गरज असतानाच ती पोलिसांकडे.

गडचिरोलीत भरमारीकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. तिथे नक्षलवाद्यांच्या हातीही भरमार दिसत असल्याने पोलीस विनापरवाना बंदुका जमा करण्याचे आवाहन करत आले आहेत, आणि अनेक गावांनी त्या जमा केल्या आहेत. शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. एकाच बंदुकीसाठी अर्ज करणाऱ्या शेतकऱ्याला यातली मुदतवाढ तेवढी उपयोगाची.