शर्ट शिवला कुणी आणि विणला कुणी

दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात जगभरातली तरुण मुलं अंगातला कपडा उलटा करतात, लेबल पुढे धरून फोटो काढतात आणि कंपनीला जाहीर विचारतात, ‘माझे कपडे कुणी बनवले?’ हा प्रश्न आता मराठी मुलामुलींच्या मोबाईलवरही दिसतो. कोल्हापूर जिल्ह्यात तो विचारायचा तर शिलाई मशीनच्याही मागे जावं लागतं, कारण इथं मुख्यतः कापड विणलं जातं. म्हणून आधी हा प्रश्न आला कुठून ते पाहू आणि मग आपल्याकडचा इतिहास.

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर इथं राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते. खालच्या मजल्यांवरची दुकानं आणि बँक बंद ठेवली गेली. वरच्या शिवणकामाच्या कारखान्यांतल्या बायापुरुषांना मात्र पगार कापण्याची भीती घालून कामावर चढवलं. १,१३४ माणसं मेली. ढिगाऱ्यात युरोप-अमेरिकेतल्या ब्रँडची लेबलं सापडली, तरी त्यातल्या काही कंपन्यांना आपला माल तिथं शिवला जात होता हेही सांगता येईना. त्यानंतर ब्रिटनमध्ये कॅरी सोमर्स आणि ओर्सोला डी कॅस्ट्रो यांनी ‘फॅशन रिव्होल्यूशन’ सुरू केलं. एप्रिलमधला तो आठवडा आणि तो प्रश्न तिथून आला. त्याच वर्षी मे महिन्यात बांगलादेशातल्या कारखान्यांच्या सुरक्षेचा ‘अॅकॉर्ड’ झाला. ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यातला हा करार कायद्यानं बंधनकारक होता आणि पुढं २०० हून अधिक कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या.

तरुणांनी या लढ्यात उतरणं मात्र राणा प्लाझाच्याही आधीचं आहे. अमेरिकेत विद्यापीठाचं नाव छापलेले टी-शर्ट आणि हुडी यांचा मोठा धंदा चालतो. नाव विद्यापीठाचं, म्हणजे परवानाही विद्यापीठाचा. १९९८ मध्ये विद्यार्थ्यांनी ‘युनायटेड स्टुडंट्स अगेन्स्ट स्वेटशॉप्स’ (स्वेटशॉप म्हणजे तुटपुंज्या पगारात राबवून घेणारा कारखाना) ही संघटना उभी केली आणि कुलगुरूंच्या कार्यालयात ठिय्या दिला. आमच्या विद्यापीठाचं नाव ज्या कारखान्यात छापलं जातं त्याचा पत्ता जाहीर करा, ही मागणी होती. २००० मध्ये कारखान्यांची स्वतंत्र तपासणी करणारी ‘वर्कर राइट्स कन्सोर्टियम’ उभी राहिली. या विद्यार्थ्यांचं सगळ्यात मोठं यश २००९ मधलं. होंडुरासमध्ये रसेल कंपनीच्या कारखान्यात कामगारांनी युनियन केली आणि कंपनीनं कारखानाच बंद केला. विद्यार्थ्यांनी एकेका विद्यापीठाला गाठलं, जवळपास शंभर विद्यापीठांनी रसेलचा परवाना थांबवला आणि वर्ष संपायच्या आत कंपनीनं नवा कारखाना उघडून १,२०० कामगारांना परत घेण्याचं मान्य केलं. इथं लढाई सुरू केली होती कामगारांनी. पोरांनी कंपनीची दुखरी नस शोधली आणि कामगारांच्याच मागणीमागं जोर लावला. म्हणूनच ते जिंकले, असं मला वाटतं.

आपल्या देशातलं ताजं उदाहरण तमिळनाडूतल्या दिंडिगुलचं. २०२१ मध्ये तिथल्या एका कपडे कारखान्यातल्या तरुण दलित कामगार मुलीचा खून झाला. दलित महिलांच्या नेतृत्वाखालच्या तिथल्या युनियननं आंतरराष्ट्रीय संघटनांना सोबत घेऊन लढा दिला आणि २०२२ मध्ये छळाविरुद्धचा बंधनकारक करार झाला. एचअँडएम, गॅप आणि पीव्हीएच या कंपन्यांनीही आपल्या बाजूनं त्याला बांधून घेतलं.

आता कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये शहरात सूत आणि कापड गिरणी काढली. शाहू मिलच्या भोंग्यावर कोटितीर्थाच्या आसपासच्या कितीतरी घरांचं घड्याळ चालायचं. २००३ मध्ये ती बंद पडली. इचलकरंजीत शाहू मिलच्याही दोन वर्षं आधी, १९०४ मध्ये, विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. संस्थानाधिपती नारायणराव घोरपडे यांनी या धंद्याला हात दिला आणि पंचगंगेकाठच्या त्या गावाचं ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ झालं. मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर मोडत गेल्या. कापड विणण्याचं काम मात्र थांबलं नाही, ते भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या लहान लहान शेडमध्ये पसरत गेलं.

ही शेड आत जाऊन बघावी. पत्र्याखाली मागांच्या रांगा, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचा असा खडखडाट की शेजारच्याशी खुणेनंच बोलावं लागतं. एक कामगार चार, सहा, कधी आठ माग एकटा बघतो. कुठं धागा तुटला की धावायचं, गाठ मारायची, माग चालू करायचा. पाळी बारा तासांची. मजुरी मीटरवर आणि पिकावर. ५२ पिकाचं कापड म्हणजे इंचाला ५२ आडवे धागे, त्याचा मीटरला ठरलेला दर. वीज गेली की माग थांबतो आणि मजुरीही थांबते. एका कडेला धोट्यासाठी सुताची कांडी भरणाऱ्या बाया बसलेल्या असतात. उभे धागे जोडून देणारे वहिफणीवाले, माग दुरुस्त करणारे जॉबर, घडीवाले, सायझिंगमध्ये बॉयलरच्या धगीत सुताला खळ चढवणारे, या सगळ्यांचे हात लागल्याशिवाय ठाण उतरत नाही.

शेड लहान का, याचं एक उत्तर कायद्यात आहे. १९४८ चा कारखाना अधिनियम विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले तरच लागू व्हायचा. म्हणून एकाच घरातले माग वेगवेगळ्या नावांवर वाटले गेले आणि कामगार प्रॉव्हिडंट फंड, ईएसआय हा आजारपणाचा विमा, हजेरीपुस्तक या सगळ्याच्या बाहेर राहिला. मालकही पुष्कळदा खर्चीवाला असतो. सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं, याला फक्त विणाईची मजुरी. वरून दर दाबला की तो खाली कामगाराला दाबतो.

२०१३ च्या सुरुवातीला इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांनी मजुरीवाढीसाठी महिन्याहून अधिक काळ संप केला. २०१५ मध्ये राज्य सरकारनं यंत्रमाग उद्योगाचं किमान वेतन सुधारलं, तेव्हा ते मिळावं म्हणून सायझिंग कामगार काही आठवडे संपावर गेले. वाढ जाहीर होते, हातात पडत नाही, ही तक्रार तिथं आजही ऐकू येते. २०१३ हेच राणा प्लाझाचंही वर्ष. ढाक्यातल्या दुर्घटनेनं जगभरातली तरुण मुलं हलली, त्याआधी दोनच महिने आपल्या जिल्ह्यातले माग बंद पडले होते आणि त्यांच्यासाठी कुणी लेबल उलटं केलं नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जग ऐकतं, हे कोल्हापूरकरांनी अलीकडेच पाहिलं आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारखी चप्पल आणली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. सोशल मीडियावर गदारोळ झाला, महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेनं पत्र लिहिलं आणि काही दिवसांतच कंपनीनं प्रेरणा भारतीय चपलेची असल्याचं कबूल केलं. जुलैमध्ये तिची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. चपलेचं श्रेय मिळवण्याइतकीच ताकद चप्पल शिवणाऱ्याच्या आणि कापड विणणाऱ्याच्या मजुरीसाठी लावता येईल.

कुठं लावायची, तेही आता बरंच स्पष्ट आहे. २०१६ मध्ये मानवी हक्क आणि कामगार संघटनांनी मिळून ‘ट्रान्सपरन्सी प्लेज’ मांडली, म्हणजे ब्रँडनं आपल्या कारखान्यांची नावं आणि पत्ते जाहीर करायचे. अनेक मोठ्या कंपन्या आज अशी यादी देतात, पण ती बहुतेकदा शिलाईपाशी थांबते. विणाई आणि सायझिंगचे पत्ते देणारे थोडेच. त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि विजेवर चालणारी जागा कारखाना ठरण्याची केंद्रीय कायद्यातली अट दहा कामगारांवरून वीसवर गेली. म्हणजे त्याहून लहान शेड कारखान्याच्या व्याख्येबाहेरच राहतात. राजारामपुरीत किंवा गांधीनगरात शर्ट घेणाऱ्या कॉलेजच्या मुलांनी कंपनीला लिहिताना शिलाईच्या पत्त्यासोबत ठाण कुठल्या मागावर उतरलं आणि मीटरला मजुरी काय दिली, हे दोन प्रश्न जोडावेत. पण पत्र लिहिण्याआधी इचलकरंजीतल्या कामगार संघटनेकडं जाऊन त्यांची मागणी काय आहे ते विचारावं.