ग्रेनेड जंप

ग्रेनेड जंप म्हणजे शूटर गेममध्ये ग्रेनेडच्या स्फोटाचा धक्का अंगावर घेऊन, साध्या उडीने जिथे पोचताच येत नाही अशा ठिकाणी जाणं. ग्रेनेड बहुतेक वेळा स्वतःचाच असतो, कधी टीममेटचा. स्फोट जवळ झाला की हेल्थ जाते हे कुणालाही पहिल्या मॅचमध्येच कळतं, पण अनेक गेम्समध्ये तोच स्फोट खेळाडूला ढकलतोसुद्धा, यालाच नॉकबॅक म्हणतात, आणि हा धक्का आणि उडी एकाच क्षणाला जुळली की खेळाडू थेट वरच्या मजल्यावर नाहीतर भिंतीच्या पलीकडे जाऊन पडतो. किंमत अर्थातच हेल्थमध्ये मोजायची. बोलताना लोक याला नुसतं 'नेड जंप' पण म्हणतात.

रॉकेट जंप याचीच जवळची नातेवाईक आणि जास्त प्रसिद्ध, पण दोन्हींना एकाच पारड्यात टाकणं बरोबर नाही. रॉकेट पायाशी मारलं की लगेच फुटतं, म्हणजे ठरवलं आणि उडालो. ग्रेनेडला फ्यूज असतो. फेकल्यावर तो टप्पे खातो, घरंगळतो आणि दोन-अडीच सेकंदांनी फुटतो, त्यामुळे अडीच सेकंदांनंतर आपण कुठे उभे असू, ग्रेनेड कुठे असेल आणि तोंड कुठल्या दिशेला असेल हे सगळं आधीच डोक्यात पक्कं असावं लागतं, आणि तेवढ्या वेळात समोरून कुणी आलं तर सगळा प्लॅन बदलावा लागतो. ही वाट बघणंच ग्रेनेड जंपला अवघड करतं आणि माझ्या मते तिची खरी मजाही त्यातच आहे.

आत नेमकं काय घडतं

हे समजून घ्यायला १९९६ चा क्वेक हा शूटर गेम सगळ्यात सोयीचा, कारण त्याचा हिशोब साधा आहे आणि गेमचा कोड बघायला मिळतो. तिथे साध्या उडीत खेळाडूला वर जायला सेकंदाला २७० युनिटचा (युनिट हे गेममधलं अंतराचं माप) वेग मिळतो, गुरुत्वाकर्षण ८०० आहे, म्हणजे उडी साधारण ४५ युनिट उंच जाते. ग्रेनेडचा स्फोट १२० डॅमेजचा, आणि स्फोटापासून शरीराच्या मध्यापर्यंत जितकं अंतर असेल त्याच्या निम्मा आकडा त्यातून वजा होतो. स्फोट स्वतःचाच असेल तर उरलेला डॅमेज परत अर्धा होतो. मग जो डॅमेज राहतो त्याला आठने गुणलं की धक्क्याचा वेग मिळतो. ग्रेनेड अगदी पायाशी असेल तर हे गणित साधारण ५३ डॅमेज आणि ४२४ वेग असं येतं, त्यात उडीचे २७० मिळवले की जवळपास ६९४, आणि उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ४५ ची उडी एकदम ३०० युनिटवर जाते. वेग अडीचपट, उंची साडेसहापट! म्हणून तर धक्का आणि उडी एकत्र जुळवण्यासाठी एवढा आटापिटा करायचा. नुसतं उभं राहून स्फोट घेतला तर हेल्थ तेवढीच जाते आणि उंची निम्म्यापेक्षाही कमी मिळते.

वेळ चुकली की काय होतं हेही याच हिशोबात दिसतं. उडी खूप आधी मारली तर स्फोट होईपर्यंत आपण ग्रेनेडपासून लांब गेलेलो असतो, धक्का कमी बसतो, आणि वर गुरुत्वाकर्षणाने उडीचा वेगही खाल्लेला असतो, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. एक दशांश सेकंद आधी उडालो तरी एकूण वेगातले शंभराहून जास्त युनिट जातात.

आर्मरची गंमत मात्र नीट बघण्यासारखी आहे. क्वेकमध्ये आर्मर डॅमेजचा काही हिस्सा स्वतःवर घेतं, हिरवं ३० टक्के, पिवळं ६०, लाल ८०, पण धक्का मोजला जातो तो पूर्ण डॅमेजवर, आर्मरने वाचवल्यावर उरलेल्यावर नाही. म्हणजे लाल आर्मर अंगावर असलेला खेळाडू उंच तेवढाच उडतो आणि हेल्थ जाते फक्त दहा-अकरा. नुकताच स्पॉन झालेला, म्हणजे नव्याने मॅपवर आलेला, हेल्थ १०० आणि आर्मर शून्य असलेला खेळाडू त्याच उडीत अर्धा संपतो. म्हणून चांगल्या डेथमॅचमध्ये, म्हणजे एकमेकांना मारायच्या लढतीत, आर्मर ज्याच्या हातात असतं त्याचा मॅपच मोठा होतो, त्याला असे रस्ते उघडे असतात जे समोरच्याला परवडत नाहीत. क्वाड डॅमेज, म्हणजे आपला मारा चौपट करणारी वस्तू, घेतलेली असेल तर स्वतःच्या स्फोटालाही चारने गुणलं जातं, म्हणजे साधारणपणे मरणच, पण त्याच वेळी पेंटाग्राम ही डॅमेज लागू न देणारी वस्तूही असेल तर डॅमेज शून्य आणि धक्का मात्र पूर्ण लागतो, कारण कोडमध्ये धक्का आधी दिला जातो आणि हा मरू शकतो का हे नंतर तपासलं जातं.

१९९९ च्या क्वेक थ्री अरीनामध्ये हे आणखी मुद्दाम केलेलं आहे. २००५ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला झाला तेव्हा सगळ्यांना बघता आलं की स्वतःला होणारा डॅमेज अर्धा करण्याची ओळ धक्क्याच्या हिशोबाच्या नंतर ठेवलेली आहे आणि तिथेच प्रोग्रामरने लिहून ठेवलंय की रॉकेट जंप चालावी म्हणून असं केलंय. शिवाय स्फोटाच्या धक्क्याची दिशा थोडी वर वळवलेली आहे, जेणेकरून खेळाडू बाजूला फेकला जाण्यापेक्षा हवेत जास्त जाईल. दोनच छोटे निर्णय, पण हे नसते तर त्या गेमभोवती ट्रिक जंपिंगची, म्हणजे अशा कसरतीच्या उड्यांची, जी अख्खी दुनिया उभी राहिली ती आज दिसते तशी नसती. ग्रेनेड जंप हा बग आहे असं जे सरसकट म्हटलं जातं ते म्हणूनच पटत नाही. सुरुवात अपघाताने झालेली असू शकते, पण पुढे ती जपली गेली ती जाणूनबुजून.

प्रत्यक्षात कशी मारतात

पहिली अडचण ग्रेनेड पायाशी राहत नाही ही. खाली बघून जोरात फेकला तर तो उसळतो आणि दुसरीकडेच निघून जातो. म्हणून अनुभवी खेळाडू तो भिंतीच्या कोपऱ्यात मारतात, दोन भिंतींना लागून त्याचा जोर मरतो आणि तो कोपऱ्यातच कुठेतरी थांबतो, मग आपण चालत जाऊन त्याच्यावर उभं राहायचं. उघड्या जागेत भिंत नसेल तर ग्रेनेड जायच्या दिशेने थोडा पुढे टाकतात आणि त्याच्यामागे पळत जाऊन फुटायच्या क्षणी त्याला गाठतात, म्हणजे धावण्याचा वेगही उडीत वापरला जातो. हे जमलं की उडी उंचही जाते आणि लांबही.

दुसरं म्हणजे वेळ. क्वेक आणि क्वेक थ्री दोन्हीत लाँचरच्या ग्रेनेडचा फ्यूज अडीच सेकंदांचा आहे आणि तो बार उडाल्यापासून मोजायचा, जमिनीवर पडल्यापासून नाही. शिकताना लोक घड्याळ लावून आकडे मोजतात पण सवयीचे खेळाडू टप्प्यांच्या आवाजावर जातात, टण्, टण्, मग जवळजवळ येणारे दोन-तीन बारीक आवाज, मग शांतता, आणि त्या शांततेत किती थांबायचं हे बोटाला माहीत झालेलं असतं. जागा बदलली की टप्पे बदलतात, उतारावर तर फारच, म्हणून एका मॅपवर हातात बसलेली उडी दुसऱ्या मॅपवर परत शिकावी लागते.

तिसरी गोष्ट दिशा. स्फोट आपल्याला त्याच्यापासून लांब ढकलतो, तेव्हा ग्रेनेड बरोबर खाली असेल तर सरळ वर, मागे असेल तर पुढे आणि थोडं वर. उंच कठड्यावर चढायचं असेल तर बरेच जण कठड्याकडे तोंड करून, ग्रेनेड टाचेच्या किंचित मागे येईल असं उभं राहतात. हातभर इकडचं तिकडे झालं तर कठडा डोक्याच्या वर राहतो, हेल्थ गेलेली असते आणि आवाजाने सगळ्यांना कळलेलं असतं आपण कुठे आहोत ते. क्वेक थ्रीच्या डीफ्रॅगसारख्या मॉडमध्ये (मूळ गेम बदलून बनवलेल्या आवृत्तीत) याच्याही पुढची पायरी दिसते, ग्रेनेड आधी टाकून ठेवायचा आणि तो फुटायच्या क्षणी त्याच जागी रॉकेट मारायचं, दोन धक्के आणि एक उडी एका क्षणात.

कुठून कुठे पोचली

१९९३ च्या डूममध्ये रॉकेटच्या धक्क्याने पुढे फेकलं जाता येत होतं, पण फक्त आडवं, कारण तिथे स्फोट वर ढकलतच नाही आणि उडीचं बटणही नाही. पूर्ण थ्रीडी जग आणि वर ढकलणारा स्फोट क्वेकमध्ये एकत्र आले आणि मग खेळाडू सुटलेच. स्पीडरन करणाऱ्यांना, म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवणाऱ्यांना, ग्रेनेड जंपचा विशेष लळा, कारण सिंगल प्लेअरमध्ये ग्रेनेड लाँचर रॉकेट लाँचरच्या आधी हातात येतो. १९९७ मध्ये पूर्ण क्वेक सगळ्यात अवघड नाइटमेअर लेव्हलवर १९ मिनिटं ४९ सेकंदांत संपवलेली जी रन प्रसिद्ध झाली, ती बघून कित्येकांना पहिल्यांदा कळलं की मॅप बनवणाऱ्याने आखलेला रस्ता हा फक्त एक पर्याय असतो.

त्याच काळात टीम फोर्ट्रेस या क्वेकच्या मॉडने आणि नंतर १९९९ च्या टीम फोर्ट्रेस क्लासिकने वेगळंच दार उघडलं, कंकशन ग्रेनेड. हा मारत नाही, फक्त ढकलतो आणि नजर गरगरवतो. स्काउट आणि मेडिक पिन काढून तो हातातच धरून पळतात, बरोबर वेळेला उडी मारतात आणि तो हातातच फुटू देतात, मग शत्रूच्या तळापर्यंत हवेतूनच प्रवास. झेंडा पळवायच्या खेळात याने सगळं चित्र बदललं, बचाव करणाऱ्यांना जमिनीवरचे रस्ते अडवून भागेना, आणि नुसत्या कंक जंपसाठी वेगळे मॅप बनायला लागले. २००७ च्या टीम फोर्ट्रेस टू मध्ये कंकशन ग्रेनेड काढून टाकले पण डेमोमॅनकडे स्टिकी बॉम्ब आले, ते हवे तेव्हा बटण दाबून फोडता येतात, म्हणजे फ्यूजची वाट बघणं गेलं आणि त्याबरोबर टायमिंगचा एक मोठा भागही. तरी स्टिकी जंप सोपी नाही, वाकून उडी मारली तर धक्का जास्त लागतो, आणि हवेत वळणं घेणं हा वेगळाच अभ्यास. सरावासाठी स्टिकी जंपर नावाचा लाँचरच दिलाय, त्याच्या स्फोटाने कुणालाच डॅमेज होत नाही.

कन्सोलवरच्या लोकांना ही उडी दाखवली ती २००१ च्या हेलोने. तिथे लाँचर नाही, हाताने फेकायचा फ्रॅग ग्रेनेड, आणि ओव्हरशील्ड, म्हणजे जादा संरक्षण, असेल तर दोन-तीन एकदम पायाशी घेता येतात. त्या हेलोची खासियत म्हणजे जमिनीवर पडलेले ग्रेनेडही शेजारच्या स्फोटाने फुटतात, म्हणून खेळाडू ढीग करून ठेवायचे आणि एकाने सगळे पेटवायचे, मग लेव्हलच्या डोंगरांवर, छपरांवर, जिथे कुणी जाईल असं बनवणाऱ्यांच्या मनातही नव्हतं तिथे पोचायचे. मल्टिप्लेअरमध्ये तर लांब पडलेलं हत्यार ग्रेनेडच्या धक्क्याने आपल्याकडे उडवून घ्यायची कलाही याच भौतिकीतून निघाली.

आजच्या गेम्समध्ये ही गोष्ट आधीच पॅक करून दिलेली असते. ओव्हरवॉचमधल्या जंकरॅटचा कंकशन माइन त्याला स्वतःला लागत नाही, व्हॅलोरंटमधली रेझ ब्लास्ट पॅकवर उडत साइटवर (बॉम्ब लावायच्या जागी) येते, फोर्टनाइटमध्ये शॉकवेव्ह ग्रेनेडने उडाल्यावर पडण्याचा डॅमेजसुद्धा होत नाही. नवीन खेळाडूसाठी हे छानच आहे, कुणीही पहिल्या दिवशी उडू शकतो. पण उडण्याची किंमत शून्य झाली की उडावं की नाही हा प्रश्नच उरत नाही, आणि जुन्या ग्रेनेड जंपमध्ये निम्मा खेळ तोच प्रश्न होता. अर्धी हेल्थ देऊन वरच्या आर्मरपाशी आधी पोचायचं, की जिन्याने जायचं आणि पूर्ण हेल्थने लढायचं? रेझचं त्यातल्या त्यात बरं, तिचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो आणि हवेत असताना तिला नीट नेम धरता येत नाही, म्हणजे किंमत हेल्थऐवजी दुसऱ्या रूपात द्यावीच लागते.

काउंटर-स्ट्राइक किंवा पबजीसारख्या गेम्समध्ये ग्रेनेड जंप हा प्रकारच नाही, तिथला ग्रेनेड फक्त मारायला आहे, आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये उंच जागी जायला टीममेटच्या डोक्यावर चढतात.

ग्रेनेड जंप चालणाऱ्या गेम्सचे मॅप बनवणाऱ्यांना मात्र ती सतत हिशोबात धरावी लागते. कुठला कठडा उडीने गाठता येऊ द्यायचा, कुठे अदृश्य भिंत घालायची, कुठली वस्तू इतकी उंच ठेवायची की ती फक्त हेल्थ मोजूनच मिळावी. अदृश्य भिंती सगळीकडे घातलेला मॅप लगेच ओळखू येतो, उडी अचूक मारूनही डोकं हवेतच आपटतं, आणि असा मॅप कितीही देखणा असला तरी ट्रिक जंप करणारे त्यावर फार वेळ थांबत नाहीत.

उतरण्याचाही विचार लागतो. क्वेकमध्ये पडण्याचा वेग सेकंदाला ६५० युनिटच्या वर गेला की ५ हेल्थ जाते, म्हणजे पायाशी अचूक घेतलेला ग्रेनेड ज्याला ६९४ च्या वेगाने वर नेतो, तो त्याच पातळीवर परत आला तर उडीची अर्धी हेल्थ गेलेली असतेच, वर आणखी पाच. कठड्यावर पोचला तर ते पाच वाचतात, कारण तिथे पायांना जमीन लागते ती बऱ्याच कमी वेगात. हेल्थ साठच्या आत असेल आणि आर्मर नसेल तर या उडीच्या वाटेला जाऊ नये, वर पोचल्यावर समोर शॉटगन घेऊन कुणी उभा असेल तर त्याला एकच गोळी पुरते.