बागेतील पक्षिछायाचित्रण

वन्य पक्ष्यांना पाणी, झाडे आणि बसायला फांदी देऊन बागेत येण्याची सवय लावायची आणि कुठलीही जबरदस्ती न करता त्यांची रानातल्यासारखी दिसणारी छायाचित्रे घ्यायची, असा हा छंद. ठाण्यात त्याला भूगोलाची साथ आहे. शहराच्या एका अंगाला येऊरचे डोंगर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या अंगाला खाडी. खाडीतले रोहित (फ्लेमिंगो) बागेत उतरत नाहीत. पण डोंगराकडच्या सोसायट्यांत दयाळ, लालबुड्या बुलबुल, शिपाई बुलबुल, शिंपी, शिंजीर, तांबट आणि हळद्या सहज येतात.

दाणे टाकून पक्षी बोलवायचा मोह टाळलेला बरा. तांदूळ-बाजरीवर आधी कबुतरे तुटून पडतात, लहान पक्षी दूर राहतात आणि कबुतरांच्या विष्ठेमुळे श्वसनाचे विकार होण्याचा धोका वेगळाच. दाणे न खाणारे पक्षीही पाण्यावर येतात. त्यासाठी मातीचे उथळ परळ पुरे. पाणी दोन-तीन सेंटिमीटरच, मध्ये एक खडबडीत दगड. पाणी रोज बदलावे, परळ घासून घ्यावे. आठवडाभर साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासांची पैदास होते. परळ झुडपाला अगदी खेटून ठेवू नये, मांजर दबा धरते. शिंजिरासाठी जास्वंद, बुलबुल-कोकिळेसाठी कढीपत्त्याची पिकलेली काळी फळे, तांबटासाठी उंबर: झाडांची निवड अशी खाणाऱ्याकडे पाहून करावी.

खरे छायाचित्र मात्र परळावर नव्हे, फांदीवर मिळते. दयाळ पाण्यावर थेट उतरत नाही. आधी जवळच्या फांदीवर बसतो, शेपटी उभारतो, मान तिरकी करून खाली बघतो आणि मग झेपावतो. ते दोन-तीन क्षण हेच छायाचित्रकाराचे. म्हणून परळापासून फूट-दीड फुटावर साल न सोललेली, बोटभर जाडीची सुकी फांदी खोचतात. जाड ओंडक्यामागे पाय आणि पोट झाकले जाते. फांदीमागची हिरवळ निदान दहा-बारा फूट लांब असली की ती विरघळून एकसंध दिसते. शहरात ग्रील, पाइप आणि वाळत घातलेले कपडे चौकटीत येत असल्याने जागा ठरवताना आधी पक्षी नव्हे, मागची बाजू बघावी. फांदी दर काही दिवसांनी बदलावी, एरवी सगळे पक्षी एकाच काटकीवर बसलेले दिसतात.

३०० ते ४०० मिमीची लेन्स पक्ष्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावी. चंचल शिंप्यासाठी शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या आसपास लागतो. प्रकाश सकाळचा उत्तम, तरी मार्च ते मे या काळात भर दुपारीही पाण्यावर वर्दळ असते.

मोबाइलवर आवाज वाजवून नर बोलावणे सर्रास चालते. ते सोडूनच द्यायला हवे. विणीच्या काळात नराला तो प्रतिस्पर्धी वाटतो आणि पिलांसाठी लागणारी त्याची शक्ती भांडणात जाते. घरट्यासमोर कॅमेरा लावणे, आड येणारी पाने छाटणे हेही वर्ज्य. वन्य पक्षी पकडणे तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हाच.

पावसाळ्यात सगळीकडेच पाणी असल्याने परळ ओस पडते. तेव्हा ओल्या पानांकडे लक्ष ठेवावे. सर थांबल्यावर शिंजीर कर्दळीच्या रुंद पानावर घसरत, पंख आणि छाती थेंबांत घासत अंघोळ करते.