विंडोज टाकायला देण्याआधी : डेस्कटॉपवरचं सामान बघून घ्या

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तेव्हापासून ‘अकरा टाकून द्या’ म्हणजे विंडोज ११ बसवा, म्हणून आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात येणारी मशीन वाढली आहेत. काउंटरवर मशीन ठेवताना बहुतेकांचं वाक्य एकच : ‘सगळं डी मध्ये हाय ओ, सी तेवढा मारा फॉरमॅट.’ तरीही आम्ही मशीन चालू करून बघतो. डेस्कटॉपवर जमिनीचे उतारे, लग्नाचे फोटो, मुलीचा जात-उत्पन्न दाखला, सगळं पसरलेलं असतं.

सी आणि डी हे मशीनच्या साठ्याचे कप्पे, विंडोज असतं ते सी मध्ये. डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग आहे. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्सही तिथेच. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून उतरवलेली प्रत्येक पीडीएफ सी मध्ये. तुम्ही मुद्दाम हलवलं नसेल, तर सी पुसला की हे सगळं गेलं.

काहीजण पेनड्राइव्हवर बॅकअप घेऊनच येतात. त्यात निम्म्या वेळा नुसते शॉर्टकट निघतात. चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण आणि साइज एक-दोन केबी दिसली, तर ती फाइल नाही, फाइलचा पत्ता आहे. पत्त्याची चिठ्ठी खिशात घातली म्हणून घर सोबत येत नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं आयकॉन पेनड्राइव्हवर टाकून ‘हिशेब घेतला’ म्हणणारे व्यापारी निपाणीपासून खानापूरपर्यंत सगळीकडचे आहेत. टॅलीत कंपनी निवडताना डेटाचा पाथ, म्हणजे हिशेब कुठल्या फोल्डरात आहे ते दिसतं, तो कागदावर लिहून आणा. टॅलीचा परवाना असेल तर फॉरमॅटआधी सरेंडर करून ठेवा.

कॉपी झाल्यावर पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावून दोन-चार फाइल्स उघडून बघा. याला पाच मिनिटं लागतात, आणि हेच कुणी करत नाही. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल, तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसतच नाही. लग्नाचा व्हिडिओ राहून जातो तो असा. फाइलवर निळा ढग दिसत असेल, तर ती मशीनमध्ये नसून वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्यात आहे. तिथे मोफत जागा ५ जीबीच, त्यामुळे ‘सगळं क्लाउडवर गेलंय’ यावर भरवसा ठेवू नका.

डीटीपीवाल्यांसाठी वेगळं. लग्नपत्रिका मराठीत, मंडळाची पावती कन्नडमध्ये, असं काम आपल्याकडे रोजचं. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या फाइल्स घेतल्या आणि श्रीलिपी-नुडीचे मराठी-कन्नड फॉन्ट राहिले, तर नव्या विंडोजमध्ये मजकुराच्या जागी नुसती विचित्र अक्षरं दिसतात. फॉन्टचं फोल्डर आधी कॉपी करा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मंडळींनी ड्रॉइंगसोबत सीएनसी यंत्रांचे प्रोग्रामही आठवणीने घ्यावेत.

‘दुसरीकडे अर्ध्या तासात टाकून देतात, तुम्ही दिवसभर का ठेवता?’ हेही रोज ऐकतो. एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागची नवी वेगवान डिस्क असेल तर विंडोज आम्हीही अर्ध्या तासात टाकतो. वेळ जातो तो फाइल्स काढण्यात. जुन्या हार्ड डिस्कवरून २०० जीबी उतरवायला तासाच्या वर जातो, हजारो बारीक फोटो असतील तर आणखी. त्यानंतर आम्ही फोल्डरांची यादी दाखवून तुमची सही घेतो. काहींना तो अविश्वास वाटतो. पण पुसल्यावर ‘एक फोल्डर राहिलं’ म्हणून फोन आला, तर करता येण्यासारखं फार थोडं उरतं. जुन्या हार्ड डिस्कवरून काही वेळा फाइल्स परत निघतात. एसएसडीत मात्र ट्रिम नावाची सोय मोकळी झालेली जागा आपणहून साफ करते, तिथून परत काढणं जवळपास अशक्य.

म्हणून जुनं मशीन मंद झालं असेल, तर आम्ही फॉरमॅटऐवजी नवी एसएसडी बसवायला सुचवतो. विंडोज नव्यावर जातं, जुनी हार्ड डिस्क हात न लावता बाजूला निघते. तिला यूएसबीची केस घालून दिली की राहिलेलं फोल्डर हवं तेव्हा काढता येतं. खर्च थोडा जास्त होतो, पण मशीनही पळायला लागतं. ज्यांना नुसतं फॉरमॅटच हवं, त्यांचंही काम करतो. बॅकअपचे पैसे वेगळे, आधी सांगून.

नवीन लॅपटॉपवाल्यांनी एक बघावं. बऱ्याच मशीनमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद असते आणि विंडोज बिघडलं की ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ते खातं बहुधा घेताना भाच्याच्या नाहीतर दुकानदाराच्या ईमेलवर उघडलेलं असतं, तेव्हा येण्याआधीच त्यांना फोन करून पासवर्ड विचारून घ्या. ती रिकव्हरी की मिळाली नाही तर आमच्याकडेही दुसरी किल्ली नाही.

मशीन शक्यतो सकाळी आणून द्या. लॅपटॉपसोबत चार्जर आणा, मशीनचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून द्या, आणि डिस्क किती भरली आहे ते फोनवर आधी सांगितलंत तर संध्याकाळी न्यायला यायचं की दुसऱ्या दिवशी, ते तेव्हाच सांगता येईल.