वेण्णाकाठचं हिम आणि शून्याची गोष्ट

डिसेंबर-जानेवारीतल्या कडाक्याच्या पहाटे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या धक्क्यावर, गाड्यांच्या टपांवर, लिंगमळ्याकडच्या स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. बोट फिरवलं की रवाळ बर्फ नखात येतो. बातमीत मात्र पारा सहा-सात अंशांवर असतो. मग साताऱ्यात चहाच्या टपरीवर वाद सुरू होतो: पाणी शून्याला गोठतं ना, मग आकडा खोटा की बर्फ?

दोन्ही खरे. वेधशाळेचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतो आणि तो हवेचं तापमान सांगतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गवत, पत्रा, फळ्या आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात आणि त्या हवेपेक्षा कितीतरी जास्त गार पडतात. दव गोठतं ते तिथं.

पण 'शून्य' तरी कुणी ठरवलं? 1724 मध्ये फॅरनहाइटने बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाची थंडी शून्य धरली. पाणी गोठण्याची खूण 32 वर आली, अंगाची ऊब 96 वर. पुढे मोजपट्टी नीट बसवल्यावर ती 98.6 झाली. स्वीडनच्या उप्साला इथल्या अँडर्स सेल्सिअसने 1742 मध्ये शंभर भागांची पट्टी मांडली, तीही उलटी: पाणी उकळतं तिथं 0, गोठतं तिथं 100! 1744 मध्ये तो गेला आणि त्यानंतर पट्टी सुलटी झाली. 'सेंटिग्रेड' हे तिचं नाव 1948 मध्ये अधिकृतपणे बदलून 'सेल्सिअस' झालं, तरी आमच्याकडची वडीलधारी मंडळी अजून तेच म्हणतात.

इंग्रजी अमदानीतल्या नोंदी फॅरनहाइटमध्ये आहेत. आज बातम्यांत सेल्सिअस आणि घरात तापाला फॅरनहाइट, असं आपण बिनतक्रार चालवतो. "पोराला एकशे एक आहे" म्हटलं की कुणी दचकून उकळतं पाणी आठवत नाही. घोटाळा होतो तो फरक सांगताना. 5 अंश सेल्सिअस म्हणजे 41 फॅरनहाइट. पण पारा 5 अंशांनी उतरला, तर फॅरनहाइटमध्ये ती घसरण 9 अंशांची. बत्तीस मिळवायचे ते तापमानात, फरकात नाही. हे शाळेत ठासून शिकवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी चूक याहून मोठी. काल दहा, आज पाच, म्हणजे थंडी दुप्पट? हेच आकडे फॅरनहाइटमध्ये 50 आणि 41 होतात, मग दुप्पट कुठं राहिलं? गुणोत्तर काढायचं तर खरं शून्य लागतं. ते 1848 मध्ये विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने मांडलं. आजच्या मापाने ते उणे 273.15 अंश सेल्सिअस. तिथून मोजलं तर कालचे 283 आज 278 झाले, दोन टक्केसुद्धा उतरले नाहीत. एवढ्याशा उतारानेही पहाटे काकडआरतीला निघताना हुडहुडी भरते.