काचेच्या चकत्या म्हणजे खेळणी नव्हेत

‘माहिती शोधणं एकट्याचं काम, वस्तू हाताळून शोधणं ही स्मार्टफोननंतर आलेली पोरांची खेळणी,’ हा समज पणजीत मी वर्षानुवर्षं ऐकते. तो चुकीचा आहे. आयफोन २००७चा, पण फोनवर आलेल्या निरोपागणिक एक गोटी बाहेर टाकणाऱ्या, आणि ती गोटी उचलून ठेवली की निरोप ऐकवणाऱ्या आन्सरिंग मशीनची कल्पना डिझायनर ड्युरेल बिशपने १९९२मध्येच मांडली होती.

आणि एकट्याचं कसलं? जर्मनीतल्या कॉन्स्टान्स विद्यापीठाच्या ‘फॅसेट-स्ट्रीम्स’ या शोधप्रणालीत (२०११) टचस्क्रीन टेबलावर काचेच्या चकत्या ठेवतात. एक चकती भाड्याची, दुसरी ठिकाणाची. जोडल्या की हॉटेलांची यादी गाळली जाते. सगळ्यांचे हात एकाच वेळी चालतात. आमच्याकडे हॉटेल शोधताना कुणी काणकोण म्हणतं, कुणी मोरजी. त्या टेबलावर दोघांच्याही चकत्या राहतात; माऊस कुणाकडे, ही ओढाताणच नाही.